मिनिकॉयचे साडेचार तास

"या बाईंना आम्ही खाली सोडणार नाही," जहाजावरचा अधिकारी मला म्हणाला. "दर्या बघा जरा."

मी बघितला. जहाजाच्या कुशीतलं लोखंडी दार उघडं होतं आणि त्याच्या उंबऱ्याखाली एक होडी वरखाली होत होती. लाट आली की ती थेट आमच्या पावलांशी येई, लाट सरली की पुरुषभर खाली जाई. होडीत दोन खलाशी पाय रोवून उभे होते. ती वर आली की ते एकेका प्रवाशाचे दंड धरत आणि त्याला पोत्यासारखं आत ओढून घेत. आमच्या आधी नागपूरच्या करंबेळकर बाई "अगं आई गं" करत आत पडल्या होत्या आणि पडल्या पडल्या त्यांनी नवऱ्याला सुनावलं होतं, "काश्मीरला जाऊ म्हणत होते मी!"

आई माझ्यामागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले, हृदयात एक स्टेंट. तिनं काठी टेकली आणि ती उभी राहिली.

"त्यांना सांग, मी इथं दोरीच्या शिडीवरून उतरले आहे. साडी नेसून. तेव्हा असलं दारही नव्हतं."

"आई, तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस."

"आणि तेव्हाही मला पोहता येत नव्हतं."

अधिकाऱ्यानं विचारलं, त्या काय म्हणतायत? मी हिंदीत सांगितलं. तो हसला नाही. स्वतःच्या जबाबदारीवर उतरते असं लिहून द्यावं लागेल, म्हणाला. मी कागद वाचेपर्यंत आईनं त्यावर सही केली होती. प्रभा यशवंत तोडणकर, पूर्ण नाव, तारखेसकट.

बाबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते दीपगृह खात्यात होते. एकतीस वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या बत्त्या सांभाळल्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी आमचं घर ट्रंकांत भरलं गेलं. त्यांची पहिली बदली मिनिकॉयची. माझ्या जन्माच्या चार वर्षं आधीची. त्या बेटाबद्दल घरात फारसं कुणी बोलत नसे. बाबा गेल्यावर आई घराबाहेर पडेनाशी झाली, आणि मग एक दिवस तिनं वर्तमानपत्रातली जाहिरात कापून माझ्यापुढे ठेवली. कोचीहून पाच दिवसांची समुद्रसफर, तीन बेटं, रात्री मुक्काम जहाजावर. तिसऱ्या बेटाच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ होती. तिला बाबांचं दीपगृह बघायचं असेल, असं मी समजले. ऑफिसातून रजा घेतली.

आईला होडीत घेताना दोघांऐवजी चार खलाशी पुढे आले. ती कुणाच्याही अंगावर न पडता उतरली आणि फळीवर बसून पदर नीट केला.

धक्क्यावर आमच्या गटासाठी दोन जीपगाड्या उभ्या होत्या. पांढरं दीपगृह दक्षिणेच्या टोकाला, माडांच्या वर दिसत होतं. वाटाड्या सगळ्यांना मोठ्यानं बजावत होता, "साडेनऊ वाजलेत. परतीची शेवटची बोट दोनला. दोन म्हणजे दोन! चार वाजता जहाज निघतं, ते कुणासाठी थांबत नाही."

मी आईचा हात धरून जीपकडे वळले. ती जागची हलली नाही.

"आपल्याला तिकडं नाही जायचं."

"मग?"

"गावात. सारा नावाची एक बाई आहे, तिला भेटायचं आहे."

"आणि दीपगृह?"

"ते इथूनही दिसतंय की."

बेटावर रिक्षा होत्या, एक मिळाली. रिक्षावाला पन्नाशीचा, पानाचा तोबरा भरलेला. कोण सारा, त्यानं विचारलं. या गावातही सारा, पलीकडच्या गावातही सारा, माझ्या सासूचं नाव सारा. तुम्हाला कुठली हवी? आई थोडी पुढं झुकली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "जिची बहीण बाळंतपणात गेली. हव्वा. ती सारा."

रिक्षावाल्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"बत्तीवाल्यांची बायको. प्रभा."

त्यानं तोंडातलं पान बाहेर थुंकलं, रिक्षा उलटी वळवली, आणि त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही.

"हा तुला ओळखतो?" मी विचारलं.

"कसा ओळखेल? तेव्हा शाळेत असेल." आईनं काठी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. "रेवा, मला साराला एक विचारायचं आहे. उत्तर काय येईल ते माहीत नाही म्हणून इतकी वर्षं विचारलं नाही."

"कशाबद्दल?"

"आधी उत्तर येऊ दे."

बाबांच्या आजारपणात, ते गेले तेव्हा, त्यानंतरही मी तिला रडताना पाहिलं होतं, चिडताना पाहिलं होतं. घाबरलेली कधी पाहिली नव्हती. त्या रिक्षात ती घाबरलेली होती.

घराचं अंगण पांढऱ्या वाळूचं होतं, नुकतं झाडलेलं, झाडूच्या रेघा दिसत होत्या. पडवीत लाकडी झोपाळा. झोपाळ्यावर लाल रुमाल बांधलेली एक बाई नातवंडाचं काही शिवत बसली होती. रिक्षावाल्यानं बाहेरूनच तिला हाक मारून काहीतरी सांगितलं. तिनं सुई थांबवली.

आई फाटकाच्या आत आली नाही. तिथूनच तिनं विचारलं. बेटाच्या भाषेत, चारच शब्द. ते तिनं घरी, जहाजावर, किती वेळा घोकले असतील कोण जाणे. मला अर्थ कळला नाही, पण शेवटचा शब्द नाव होतं एवढं कळलं. मूसा.

सारा उठली. अंगण ओलांडून आली, आईच्या तोंडाकडे जवळून पाहिलं, चष्मा नव्हता म्हणून आणखी जवळून. मग तिनं हात उचलला आणि समुद्राकडे दाखवला.

आई खाली बसली. गुडघे दुमडत नाहीत तिचे, पण ती वाळूत बसली, काठी बाजूला पडली. सारा घाईघाईनं काही बोलत होती, आईचे खांदे हलवत होती, पुन्हा समुद्र दाखवत होती, आणि दर वेळी तो हात उचलला गेला की आई मान आणखी खाली घालत होती. मी पाणी मागितलं. रिक्षावाला धावत शेजारच्या शाळेकडे गेला.

तिथून एक बाई आली, हाताला खडूची भुकटी तशीच. शाळेत हिंदी शिकवणारी. तिनं साराचं ऐकून घेतलं आणि ती आईसमोर उकिडवी बसली.

"अम्मा, समुद्रावर गेलाय असं म्हणतायत त्या. मासे मारायला. सकाळी पाचला बोट घेऊन गेला, कुपा मिळाला की येईल."

आई तिच्याकडे बघत राहिली.

"जिवंत आहे?"

"सकाळी माझ्याशी भांडून गेलाय," ती म्हणाली. "मी जमीला. त्याची बायको."

मग साराला सगळा घोटाळा कळला. ती स्वतःच्या कपाळावर हात मारून हसायला लागली, आणि हसता हसता तिनं आईच्या गालावर एक चापट दिली. चांगली वाजली ती.

झोपाळ्यावर बसवल्यावर, नारळाचं पाणी प्यायल्यावर, आई माझ्याकडे न बघता बोलली. मराठीत, म्हणजे फक्त माझ्याशी.

"तुझ्याआधी मला एक मुलगा झाला होता. इथं. नऊ दिवसांचा होऊन गेला."

मी तिच्याजवळ सरकले.

"त्याच आठवड्यात साराची बहीण गेली. तिचं पोर राहिलं. मला दूध होतं, पोर नव्हतं. त्याला पोर म्हणावं असं काही नव्हतं, चिमणीएवढा होता. सारा त्याला कापडात गुंडाळून बत्तीवर घेऊन आली. दारात उभी. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी नव्हती. तिनं फक्त कापड बाजूला केलं."

"आणि तू?"

"घेतला की. चार महिने. ती दिवसातनं पाचदा आणायची त्याला, एवढं चालत. रात्री या घरीच राहायची दोघं." तिनं पेला खाली ठेवला. "मग यांच्या बदलीचा कागद आला. पावसाळ्याआधीचं शेवटचं जहाज. बुधवारी यायचं ते सोमवारी पहाटे आलं. सातला निघालंसुद्धा. मी जहाजावरून बघितलं, सारा त्याला घेऊन किनाऱ्यानं येत होती. त्याच्या सकाळच्या दुधाच्या वेळेला. तिला जहाज आल्याचं माहीतच नव्हतं."

झोपाळा थोडा हलला.

"बाबांना सांगून पत्र का नाही घातलंस?"

"तेच म्हणाले, विचारू नकोस प्रभा. नाही जगला असं कळलं तर तुला पुढचं काही करता येणार नाही. माझ्यासाठीच म्हणाले ते. तू झालीस तेव्हा तीन दिवस मला पान्हा फुटला नाही. डॉक्टरीण म्हणाली, भीती वाटतेय का कसली? मी म्हटलं, नाही."

आमचं बोलणं थांबलं हे बघून सारानं जमीलाला काही सांगितलं. जमीला हसली.

"त्या म्हणतायत, शेळीचं दूध, नारळाचं दूध, मग दोन बायकांचं दूध, असं करत मोठा केला. पहिले चार महिने निघाले म्हणून पुढचं निघालं. त्याच्या आधी गावात कुणी त्याचं नावसुद्धा ठेवायला तयार नव्हतं."

आईनं मान हलवली.

"तुमचं नाव आमच्या लग्नात घेतलं होतं, अम्मा," जमीला म्हणाली.

"माझं?"

"आमच्यात ज्या बाईचं दूध पोर प्यायलं ती त्याची आई. तिची मुलं म्हणजे त्याची भावंडं, त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणून सोयरीक जमवताना मोठी माणसं विचारतात, हा कुणाकुणाचं दूध प्याला? सारामावशींनी तीन नावं सांगितली. दोन गावातली. तिसरं, बत्तीवाली प्रभा. काझींनी विचारलं, हिची मुलं कुठं असतात? मावशी म्हणाल्या, ते माहीत नाही, पण आहेत असं धरून चला."

ती माझ्याकडे वळली.

"बारा वर्षं धरून चाललेय मी तुम्हाला. बाकीच्या नणंदा तोंडावर बोलतात. तुम्ही तेवढ्या गप्प होतात."

मी एकुलती एक म्हणून वाढले. बाबांच्या शेवटच्या दिवसांत दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी कितीदा मोजलं होतं, आता आपण किती उरलो. दोघी. पुढे कधीतरी एक. आणि इथं, जगाच्या नकाशावर टिंबाएवढ्या या बेटावर, मला कुणी धरून चाललं होतं.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. जमीलाच्या भावानं धक्क्यावरच्या वायरलेसवरून बोटीला निरोप दिला. मासे लागलेत, बोटीतलं आमिष संपलं की निघतो, असं उत्तर आलं. आमिष कधी संपणार? जमीला म्हणाली, ते माशांच्या मनावर. सारानं भात आणि कुप्याची आमटी वाढली. आई आणि ती शेजारी बसून जेवल्या. दोघींनाही एकमेकींचे जेमतेम दहा शब्द येत होते आणि त्या सारख्या बोलत होत्या. अंगणाच्या भिंतीवरून एकेक बाई डोकावून जात होती. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, अशी इथली रीत जमीलानं सांगितली, तेव्हा आई मला म्हणाली, "हे बरं आहे. ट्रंका त्यानं भरायच्या."

सव्वाला मी घड्याळ बघितलं. दीडला उठून उभी राहिले.

"आई, निघायला हवं."

"तू जा."

"म्हणजे?"

"मी थांबते. पुढचं जहाज येईल तेव्हा येईन."

"पुढचं कधी येतं ते तरी माहीत आहे का? तुझ्या गोळ्या जहाजावर आहेत. स्टेंट आहे तुला, इथं दवाखाना असून असून केवढा असणार?"

"रेवा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "एकदा मी वेळेवर जहाज पकडलं होतं."

मी परत बसले.

दोन वाजले. रिक्षावाला धक्क्यावर जाऊन बातमी घेऊन आला. आमचा वाटाड्या प्रवाशांची डोकी मोजून संतापला होता, आणि शेवटची बोट आमच्याशिवाय निघाली होती. करंबेळकर बाईंनी बोटीतून ओरडून निरोप ठेवला होता की तुमच्या आईच्या गोळ्या मी कॅप्टनकडून पाठवते, काळजी करू नका. त्या बाईंशी चार दिवसांत मी धड चार वाक्यं बोलले नव्हते.

अडीचच्या सुमाराला भिंतीवरच्या बायकांत गलबला झाला आणि फाटकातून एक माणूस आत आला. अडतिशीचा, उन्हानं काळवंडलेला, सदऱ्यावर माशांचं रक्त. धक्क्यापासून धावत आला असावा. अंगणाच्या मध्यापर्यंत येऊन तो थांबला, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि विहिरीकडे वळला.

"तसाच ये," आई म्हणाली.

"हात खराब आहेत, अम्मा." मराठीत! मुंबईच्या वळणाचं, पण मराठी.

"रत्नागिरीची आहे मी. मासळीचं काय सांगतोस मला?"

तो आला. तिच्या पायाशी वाळूत बसला. तिनं त्याचं डोकं, कान, मान चाचपून बघितली, बाजारात पोरासाठी अंगरखा घेताना माप बघतात तशी. मग त्याची हनुवटी वर केली.

"केवढा झालास."

"माणसाएवढा," तो म्हणाला.

मग पुढचं सगळं एकदम आलं. तीन वर्षं मुंबईत डोंगरीला होता, खलाशांच्या खोलीत, जहाजावर काम मिळायची वाट बघत. सारामावशीला आमचं आडनाव आणि गाव तेवढं ठाऊक होतं, म्हणून दोनदा रत्नागिरीला गेला होता. बत्तीवर जाऊन विचारलं, तोडणकर कुठं? म्हणाले, बदली झाली. कुठं झाली? कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा बत्तीवरच्या कुत्र्यानं चावा घेतला. "खूण आहे अजून," म्हणून त्यानं पोटरी दाखवली.

"आणि ही रेवती," आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"जेवलीस?"

"जेवले."

"आमटी तिखट होती?"

"होती."

"सारामावशीचा हात तसाच आहे." मग त्यानं सूर्याकडे पाहिलं. "चला. जहाज मी गाठून देतो."

आई काही बोलायच्या आत तो म्हणाला, "अम्मा, तुझ्या छातीत लोखंड आहे म्हणे. ते सांभाळणारे डॉक्टर तिकडं आहेत. मी आता तुझा पत्ता घेतलाय. बस."

सारा धक्क्यापर्यंत आली. त्या दोघींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. सारानं आईचा पदर खोचून दिला, बोटीत अडकू नये म्हणून.

मूसाची बोट लांब, लाकडी, तळाशी चकचकीत कुपे रचलेले. त्यांच्यावर फळी टाकून आम्हाला बसवलं. जहाजाचं दार अजून उघडं होतं आणि सकाळचाच अधिकारी तिथं मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत उभा होता. दुपारी दर्या वाढला होता.

मला आधी चढवलं. मग मूसानं आईच्या कमरेला हात घातला.

"मी बोलेन तेव्हा पाय उचलायचा. आधी नाही."

"बरं."

एक लाट आली, बोट उंबऱ्यापर्यंत वर आली, मूसा गप्प राहिला. दुसरी आली. तिसरी. मला वाटलं, योग्य लाटेची वाट बघतोय. चौथी आली तेव्हा बोट उंबऱ्याला अगदी टेकून क्षणभर स्थिर उभी राहिली. एखादं मूलही चालत आत आलं असतं. तीही त्यानं जाऊ दिली.

"अरे, काय करतोयस?" अधिकारी ओरडला.

आई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. तिनं त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"आता बोल रे," ती म्हणाली.

पुढच्या लाटेला तो बोलला.

त्यानंतर आई दहा वर्षं जगली. दर शुक्रवारी दुपारी फोन यायचा. ती बेटाच्या भाषेत चार शब्द बोलायची, बाकी मराठीत त्याला रागवायची. त्याला दोन मुली झाल्या, धाकटीचं बारसं आईनं फोनवरून केलं. पुण्याला यायचं त्याचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं. गेल्या फेब्रुवारीत ती गेली, झोपेत, सकाळी सहाच्या आसपास. मूसाला जहाज आणि रेल्वे धरून चार दिवस लागले असते. मीच म्हटलं, येऊ नकोस.

सगळं आटोपून मी स्मशानातून घरी आले, अंघोळ केली आणि भिंतीला टेकून बसले. शेजारच्या बाईंनी डबा आणून ठेवला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"रेवती," मूसा म्हणाला. मागं समुद्राचा आवाज येत होता. मग म्हणाला, "इथं आमच्याकडं चूल पेटवली नाही आज. तीन दिवस नाही पेटवणार. गावातले जेवण आणून देतायत. तुझ्याकडं आणलं कुणी?"

"आणलंय. पिठलं-भात."

"मग जेव. मीही बसतो आता."

मी फोन तसाच चालू ठेवून डबा उघडला. पलीकडं ताट ठेवल्याचा आवाज आला. आम्ही जेवलो.